आजेसासऱ्यांचं ग्रीन कार्ड आणि इटलीचं नागरिकत्व

माझ्या सासूबाईंकडे बिस्किटांचा एक गोल निळा डबा आहे. आपल्याकडे अशा डब्यात सुया-दोरे आणि तुटकी बटणं असतात. त्यांच्या डब्यातून आजेसासऱ्यांची कागदपत्रं निघाली : चर्चमधल्या लग्नाचा दाखला, दोन-तीन जुनी पत्रं आणि कोपरे झिजलेलं ग्रीन कार्ड. आजेसासरे १९५५ साली कॅलाब्रियातल्या एका डोंगरी गावातून न्यू जर्सीला आले. आयुष्यभर गवंडीकाम केलं, घर बांधलं, मुलं शिकवली आणि २००३ साली गेले. अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ मात्र त्यांनी कधीच घेतली नाही. का घेतली नाही, ते घरात कुणालाच सांगता येत नाही. पण त्या न घेतलेल्या शपथेमुळेच माझ्या नवऱ्याला आज इटलीचं नागरिकत्व मागता येतंय.

न्यू जर्सीत इटालियन वंशाची घरं पावलोपावली आहेत, मराठी मंडळीही भरपूर आहेत, त्यामुळे आमच्यासारखी लग्नं आता नवलाची राहिलेली नाहीत. अशा घरातल्या मराठी सुना-जावयांसाठी आणि तिकडे पुण्या-नाशकात बसून ‘आता हे काय नवीन काढलंय?’ म्हणून काळजी करणाऱ्या त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहिते आहे.

पहिल्यांदा एक गोष्ट समजून घ्यायला हवी. वंशाने मिळणारं नागरिकत्व इटलीचं सरकार नव्याने बहाल करत नाही. ते जन्मापासून तुमचं होतंच, एवढं मान्य करतं. म्हणून त्या अर्जाला ‘मान्यतेचा अर्ज’ म्हणतात. १८६१ साली इटलीचं एकीकरण झालं आणि त्यानंतरच्या शंभर वर्षांत कोट्यवधी माणसं पोटापाण्यासाठी अमेरिका, अर्जेंटिना, ब्राझीलला गेली. गेलेल्यांची मुलंबाळं आपलीच, ही भूमिका इटलीने १९१२च्या कायद्यात ठेवली आणि १९९२च्या कायद्यातही. पिढ्यांची मर्यादा नव्हती. पणजोबांचे वडील इटलीतून निघालेले असले आणि मधली साखळी कुठे तुटलेली नसली, तर खापरपणतूही इटालियन ठरत असे. अर्जेंटिनाचे अध्यक्ष हावियेर मिलेई यांना डिसेंबर २०२४मध्ये पूर्वजांच्या नात्यानेच हे नागरिकत्व मिळालं, तेव्हा इटलीत त्यावर बराच वादही झाला.

मग २८ मार्च २०२५ उजाडला. त्या दिवशी सरकारने वटहुकूम काढला, मे महिन्यात त्याचा कायदा झाला (२०२५चा कायदा क्रमांक ७४), आणि दार बरंचसं लोटलं गेलं. इंटरनेटवर अजूनही ‘पणजोबा इटालियन असतील तर पासपोर्ट तुमचाच’ असं छापलेलं दिसतं. ते आता खरं नाही. २७ मार्च २०२५च्या रात्रीपर्यंत ज्यांचा अर्ज दाखल झाला, किंवा ज्यांना तोवर अर्जासाठी तारीख मिळाल्याचं कळवलं गेलं, त्यांना जुने नियम लागू आहेत. बाकीच्यांपैकी जो इटलीबाहेर जन्मला आणि ज्याच्याकडे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आहे, तो जन्माने इटालियन मानला जात नाही. याला दोन महत्त्वाचे अपवाद आहेत. आई, वडील, आजी, आजोबा यांच्यापैकी एकाकडे फक्त इटलीचंच नागरिकत्व आहे, किंवा मरतेवेळी होतं, हा पहिला. आई किंवा वडील स्वतः इटालियन नागरिक झाल्यानंतर आणि मूल जन्मण्याआधी सलग दोन वर्षं इटलीत राहिले होते, हा दुसरा.

त्यातल्या ‘फक्त’ या शब्दावर सगळं अडतं. आजोबा १९०९ साली आले आणि १९२५ साली अमेरिकन झाले, तर नव्या कायद्यात ती वाट बंद. आजोबा १९९५ साली अमेरिकन झाले, तर त्यांचं इटालियन नागरिकत्व शाबूत राहिलं, कारण १६ ऑगस्ट १९९२पासून इटलीने दुहेरी नागरिकत्व मान्य केलं. पण मग ते ‘फक्त’ इटालियन उरले नाहीत, त्यामुळे नातवाला त्यांच्या नावावर दावा करता येत नाही. आणि ज्यांनी आमच्या आजेसासऱ्यांसारखं ग्रीन कार्डावरच आयुष्य काढलं, त्यांच्या नातवंडांना वाट मोकळी आहे. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘ते इटलीतून कधी आले?’ हे विचारण्याआधी ‘गेले तेव्हा त्यांच्या हातात कुठल्या देशाचा पासपोर्ट होता?’ हे विचारा.

मनाला लागून राहिलेली एक गोष्ट सांगते. तो डबा आम्ही उघडला २०१९ साली. मग कोविड आला, मग मुलांच्या शाळा, मग नवं घर. अर्ज गेला तो कायदा बदलल्यावर. नवऱ्याला त्याने फरक पडला नाही, पण आमच्या दोन मुलांना पडला. मार्च २०२५च्या आधी अर्ज गेला असता, तर अज्ञान मुलं म्हणून तीही वडिलांबरोबर आपोआप इटालियन ठरली असती. आता त्यांना इटलीचं नागरिकत्व हवं आहे, असा जबाब आम्हाला द्यावा लागेल आणि मग त्यांना सलग दोन वर्षं इटलीत राहावं लागेल. परदेशात जन्मलेल्या बाळासाठी जन्मानंतर ठरावीक मुदतीत असा जबाब दिला, तर राहण्याची अट नाही. त्यामुळे घरात पाळणा हलणार असेल, तर ही मुदत कॉन्सुलेटमधून आधीच विचारून ठेवा.

आता मुख्य प्रश्न : एवढा खटाटोप कशासाठी?

पासपोर्टच्या रांगेत वेळ वाचतो, असं लोक सांगतात. तो फार छोटा फायदा आहे. खरा फायदा राहण्याचा आणि काम करण्याचा. अमेरिकन पासपोर्टवर युरोपच्या शेंगेन भागात १८० दिवसांत फार तर ९० दिवस राहता येतं. इटलीचा नागरिक युरोपीय संघाच्या सत्तावीस देशांत कुठेही जाऊन नोकरी करू शकतो, धंदा टाकू शकतो, शिकू शकतो, निवृत्तीनंतर राहू शकतो. व्हिसा पुरस्कृत करणारा मालक शोधावा लागत नाही, लॉटरी नाही, परवान्याचं नूतनीकरण नाही. नॉर्वे, आइसलँड आणि स्वित्झर्लंड हे देश संघाबाहेरचे, पण तिथेही करारान्वये जवळपास हाच हक्क मिळतो. ब्रिटन आता यात नाही. तीन महिन्यांहून जास्त राहायचं तर नोकरी, शिक्षण किंवा स्वतःपुरते पैसे आणि आरोग्य विमा दाखवावा लागतो. सलग पाच वर्षांनंतर तेही विचारत नाहीत. ज्यांनी एच-वन-बीच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करून मोजल्या आहेत, त्यांना या स्वातंत्र्याची किंमत समजावून सांगायची गरज नाही.

शिक्षणाचा फायदाही रोकडा आहे. नेदरलँड्समध्ये युरोपीय नागरिकाला सरकारी विद्यापीठात वर्षाला साधारण अडीच हजार युरो फी पडते. बाहेरच्या विद्यार्थ्याला ती अनेक पटींनी जास्त असते. इटलीच्या सरकारी विद्यापीठांत फी कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते. अमेरिकेतल्या कॉलेजच्या बिलाशेजारी हे आकडे ठेवून पाहा. आयर्लंडसारख्या देशात मात्र सवलतीच्या फीसाठी आधी काही वर्षं युरोपात राहिलेलं असावं लागतं, म्हणून नुसत्या पासपोर्टावर विसंबू नका.

आणि आता तो फायदा, ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण मराठी घराला तोच सर्वांत जवळचा आहे. युरोपीय संघाचा २००४चा एक निर्देश आहे. त्यानुसार संघाचा नागरिक आपला देश सोडून संघातल्या दुसऱ्या देशात राहायला गेला, तर त्याच्या कुटुंबालाही तिथे राहण्याचा हक्क मिळतो, मग ते कुटुंब कुठल्याही देशाचं असो. म्हणजे नवऱ्याला इटलीची मान्यता मिळाली आणि आम्ही डब्लिनला किंवा म्युनिकला गेलो, तर मी माझा भारतीय पासपोर्ट न सोडता तिथे राहू शकते आणि नोकरी करू शकते. प्रवेशासाठी व्हिसा लागतो, पण तो फी न घेता आणि तातडीने द्यायचा असा नियम आहे. एकवीस वर्षांखालची मुलंही यात येतात. कुटुंबाच्या व्याख्येत आईवडीलही आहेत, आणि नुसते नागरिकाचे नव्हेत, जोडीदाराचेही, मात्र ते तुमच्यावर अवलंबून असायला हवेत. पुण्यात एकट्या राहणाऱ्या माझ्या आईला मी दरमहा पैसे पाठवते. त्या बँकेच्या नोंदी मी आता जपून ठेवते आहे, कारण उद्या हे अवलंबित्व कागदावर दाखवावं लागेल. नागरिक स्वतः विद्यार्थी म्हणून गेला असेल, तर आईवडिलांच्या बाबतीत हा हक्क आकसतो, एवढं ध्यानात असू द्या. खुद्द इटलीत राहायचं असेल, तर तिथल्या कायद्यानेही इटालियन नागरिकाच्या जोडीदाराला राहण्याचा परवाना मिळतो.

थोडक्यात आटोपण्याजोगे फायदेही आहेत. ज्या देशात इटलीचा दूतावास नाही, तिथे संघातल्या कुठल्याही देशाच्या दूतावासाने मदत करायची असते. परदेशातल्या इटालियनांना टपालाने मतदान करता येतं, आणि त्यांच्यासाठी संसदेत आठ खासदार व चार सिनेटर राखून ठेवलेले आहेत. सक्तीची लष्करी भरती २००५पासून स्थगित आहे, तेव्हा मुलग्यांच्या आयांनी ती धास्ती सोडावी. करांचीही भीती नको. अमेरिका नागरिकत्व पाहून कर लावते, इटली वास्तव्य पाहून. नुसता पासपोर्ट घेऊन न्यू जर्सीत राहिलात, तर पगारावर इटलीला काही द्यावं लागत नाही. उलट बाजूही तीच : इटलीची सरकारी आरोग्यसेवा तिथल्या रहिवाशांसाठी आहे, त्यामुळे परदेशी राहणाऱ्याला नागरिक झाला म्हणून ती मिळत नाही. मान्यता मिळाल्यावर परदेशस्थ इटालियनांच्या नोंदवहीत, म्हणजे ‘आयरे’त, नाव घालणं बंधनकारक आहे. पत्ता बदलला की तोही कळवायचा. हे न केल्यास आता दंड होतो.

आता भारतीय पासपोर्टाकडे येऊ. राज्यघटनेचं नववं कलम आणि १९५५चा नागरिकत्व कायदा स्पष्ट आहे : स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं, की भारताचं जातं. गोव्याच्या वाचकांना हा धडा नवा नाही. १९ डिसेंबर १९६१पूर्वी जन्मलेल्या गोवेकरांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं, आणि लिस्बनला जन्म नोंदवून हजारो लोक युरोपात गेले. पण पोर्तुगीज पासपोर्ट हातात आला की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, आणि मतदान व सरकारी नोकरीचा हक्क संपतो. परदेशस्थ भारतीयांचं ओसीआय कार्ड काढता येतं, पण त्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते. इटलीच्या बाबतीतही हेच. नवरा अमेरिकन असेल तर त्याला भारताचा कायदा आड येत नाही, आणि अमेरिकेला दुहेरी नागरिकत्व चालतं. पण लग्नाच्या नात्याने तुम्हीही इटालियन व्हायचं म्हणाल, तर मात्र नीट विचार करा. त्यासाठी परदेशात राहणाऱ्यांना लग्नाला तीन वर्षं झालेली असावी लागतात, मुलं असतील तर दीड वर्ष पुरतं, आणि २०१८पासून इटालियन भाषेची बी-वन पातळीची परीक्षा द्यावी लागते. मी तो अर्ज करणार नाही. जोडीदार म्हणून राहण्याचा आणि नोकरीचा जो हक्क वर सांगितला, तो मला भारतीय राहूनच मिळणार आहे, आणि मावळात वडिलांची दीड एकर आहे, तिच्या शेजारचा तुकडा कधीतरी घ्यायचा आहे.

कागदपत्रांचं काम चिकाटीचं आहे. आजोबांपासून अर्जदारापर्यंत प्रत्येकाचा जन्माचा, लग्नाचा, आणि गेलेल्यांचा मृत्यूचा दाखला लागतो. अमेरिकेतल्या दाखल्यांना त्या त्या राज्याचा अपोस्टिल (दाखला खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का) आणि इटालियन भाषांतर जोडायचं. इटलीतला दाखला गावच्या पालिकेकडून मागवायचा. तिला कोमूने म्हणतात. आम्ही ऑनलाइन भाषांतराच्या मदतीने साधं पत्र लिहिलं, त्यात नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावं दिली, आणि महिनाभरात उत्तर आलं. सोबत मूळ नोंदीची प्रतही होती. तिच्यात लिहिलेलं होतं की वडिलांनी बाळाला कचेरीत आणून दाखवलं, आणि खाली शेरा : नोंद करणाऱ्याला सही करता येत नाही. सासऱ्यांनी ते भाषांतर दोनदा वाचायला लावलं. आपले आजोबा निरक्षर होते, हे त्यांना सत्तरीला टेकताना कळलं. गाव ठाऊक असेल पण तारीख नसेल, तर इटलीच्या सरकारी दप्तरखान्यांचं ‘अंतेनाती’ नावाचं संकेतस्थळ आहे. तिथे जुन्या जन्म-मृत्यूच्या वह्या फुकट पाहता येतात.

सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे आजोबा अमेरिकन झालेच नव्हते याचा पुरावा. झिजलेलं ग्रीन कार्ड दाखवून काम भागत नाही. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या वंशावळ विभागाकडून, नागरिकत्व घेतल्याची नोंद सापडत नाही, असं पत्र मागवावं लागतं. नाव ज्या ज्या प्रकारे लिहिलं गेलं, ते सगळे प्रकार त्या अर्जात द्या. इटलीतला जुझेप्पे इकडे जोसेफ होतो, आणि आडनावातली अक्षरंही बदलतात. तारखांकडेही लक्ष असू द्या. ४/७ ही अमेरिकेत एप्रिलची सात तारीख असते, तर इटलीत, आपल्यासारखीच, जुलैची चार. आमच्या एका दाखल्यात याच गोंधळाने तीन महिने गेले.

मराठी बाजूच्या कागदांत वेगळ्याच अडचणी निघतात. तुमचं लग्न भारतात झालं असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला लागेल. त्यावर आधी राज्याचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल. पुण्यात कार्यालयात लग्न लागलं आणि सहा महिन्यांनी अमेरिकेत कोर्टात पुन्हा नोंदवलं, असं असेल तर दोन तारखांपैकी कुठली धरायची, ते अर्जाआधी ठरवा आणि सगळीकडे तीच लिहा. ज्यांना पुढे लग्नाच्या नात्याने अर्ज करायचा आहे, त्यांनी जन्मदाखला आजच काढून पाहावा. आपल्या पिढीतल्या कितीतरी दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, नुसतं ‘मुलगी’ आणि वडिलांचं नाव. ते नाव पालिकेत घालून घ्यायला वेळ लागतो. आणखी एक : इटलीत बाई लग्नानंतरही कागदोपत्री माहेरच्या आडनावानेच राहते. सासरचं नाव लावलेल्यांना दोन देशांच्या पासपोर्टांवर दोन आडनावं सांभाळावी लागतील, याची तयारी ठेवा.

खर्चाचं सांगायचं, तर जानेवारी २०२५पासून कॉन्सुलेटची फी प्रौढ अर्जदारामागे ६०० युरो आहे आणि अर्ज नामंजूर झाला तरी ती परत मिळत नाही. दाखले, अपोस्टिल, भाषांतरं वेगळी. सुरुवातीला आम्ही एका एजंटाकडे आगाऊ रक्कम भरली होती. ‘शंभर टक्के करून देतो’ हे त्याचं वाक्य. आजोबांचं नागरिकत्व काय होतं, हा प्रश्न त्याने एकदाही विचारला नाही. हा प्रश्न जो पहिल्या भेटीत विचारत नाही, त्याला पैसे देऊ नका. नव्या कायद्याला इटलीच्या न्यायालयांत आव्हान दिलं गेलं, ते दाखवून ‘आत्ताच दावा लावून टाका’ म्हणणारेही भेटतील. दाव्याची कोर्ट फीही माणशी ६०० युरो आहे, वकील निराळा.

ज्यांचं वंशाचं दार बंद झालं, त्यांच्यासाठी दोन छोटी दारं उघडी आहेत. आई, वडील, आजी किंवा आजोबा जन्माने इटालियन होते, पण वरच्या अटींत बसत नाही, अशा माणसाला इटलीत कायदेशीर दोन वर्षं राहून नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. दुसरं दार म्हाताऱ्यांसाठी आहे. जे इटलीत जन्मले आणि ज्यांनी १९९२च्या आधी दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतल्यामुळे इटलीचं गमावलं, त्यांना १ जुलै २०२५ ते ३१ डिसेंबर २०२७ या काळात नुसता जबाब देऊन ते परत मिळवता येतं.

आमच्या मागच्या गल्लीतले एक गृहस्थ नऊ वर्षांचे असताना नेपल्सहून आले. वडिलांनी शपथ घेतली त्या दिवशी यांचंही इटालियनपण गेलं, कुणी त्यांना विचारलंही नाही. ही मुदत मी त्यांना गेल्या उन्हाळ्यात सांगितली. परवा ते हातात नेपल्सच्या पालिकेचं पाकीट घेऊन आमच्या दारात उभे होते. जन्मदाखला आला होता, आणि त्यांना तो उघडताना सोबत कुणीतरी हवं होतं.